मेलेल्यांनी ओठ हलवू नयेत

१

दुपारचं जेवण उरकलं की मुअल्ला चहा ठेवते आणि मी खिडकीत बसून खालच्या रस्त्याला नावं ठेवतो. आमचं घर इस्तंबूलच्या फेरीकॉयला, दुसऱ्या मजल्यावर. समोर खाटीक, त्याच्या शेजारी न्हावी, न्हाव्याच्या दारात दिवसभर रिकामटेकडे. मुअल्ला माझी बायको. तिला ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि कान घेऊन गेला. तोवर बोलायला शिकली होती, म्हणून बोलते. आवाज मात्र सपाट, चढ नाही की उतार नाही. आणि ओठ वाचते. रस्त्यापलीकडचे ओठसुद्धा.

"खाटीक न्हाव्याला सांगतोय, तुझ्या सासूला दुकानात पाठवू नकोस, दिसेल त्या मांसात बोट खुपसते."

"बरोबर आहे. त्या बाईची बोटं मी बघितलीत."

"तू गप बस म्हाताऱ्या. न्हावी काय म्हणतो ते बघू दे."

असा आमचा वेळ जायचा. त्या गुरुवारी तुनजाय आला. हा पोस्टातला कारकून, चाळिशी ओलांडलेला, लग्न नाही, आणि साऱ्या इस्तंबूलात मला उस्ताद म्हणणारा एकटा माणूस. मी तिसरी नापास. उस्तादी कसली? तरुणपणी दहा वर्षं मी सिनेमात घोड्यावरून पडायचो. आमच्याकडे त्या काळात अमेरिकेतल्या घोडेस्वारांचे सिनेमे काढायचं वेड आलं होतं. शेरीफ आपला, दरोडेखोर आपले, घोडे टांगेवाल्यांचे. त्यातल्या साठेक सिनेमांत मी मेलोय. तुनजाय अशा सिनेमांच्या याद्या करतो.

"उस्ताद, मिळाला!" त्याने दारातूनच पिशवी वर धरली.

"काय, बायको?"

"'कोरड्या विहिरीचा शेरीफ'! सगळ्या प्रती चांदीसाठी वितळवून टाकल्या होत्या ना? जर्मनीत, कोलोनला एका भाजीवाल्याच्या तळघरात कॅसेट निघाली. तिकडे कामाला गेलेल्या आपल्या लोकांसाठी काढलेली. मी मशीनही आणलंय, तुमच्या टीव्हीला लावून देतो. राहू दे महिनाभर."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. नको, घेऊन जा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मुअल्लाने त्याचे ओठ केव्हाच वाचले होते.

"त्यात माझा सैफी आहे," ती म्हणाली.

सैफी तिचा मोठा भाऊ. त्याच सिनेमाच्या कामात गेला. छत्तीस वर्षं झाली.

"मला यानं कधी दाखवला नाही तो," ती तुनजायला म्हणाली. "म्हणायचा, संपला, गेला, आता कुठे लागत नाही. लाव."

२

आधी एक सांगतो. आजकालची पोरं हे सिनेमे हसायला बघतात. हसू देत. शेरीफच्या मनगटावर घड्याळ असायचं. निवडुंग फळकुटांचे, हिरवा रंग मारलेले, वारा आला की आडवे. मेक्सिकोच्या दारूच्या गुत्त्यात ग्लासात चहा. एकदा मागे मशिदीचा मिनार आला. दिग्दर्शक फेहमीसाहेब म्हणाला, चर्चचा म्हणून खपेल, चला पुढे. फिल्म महाग, माणूस स्वस्त. एकदा झालं ते झालं, परत करायचं नाही.

पण तुनजाय हसत नाही, आणि म्हणून मी त्याला घरात घेतो. त्याला एकदा विचारलं होतं, "तुला यात दिसतं काय रे? तुझ्याकडे पेन्शनची नोकरी आहे."

तो विचार करून म्हणाला, "उस्ताद, मोठ्या सिनेमात सगळं खरं वाटतं, म्हणून मी विसरून जातो. तुमच्यात काहीच खरं वाटत नाही. मग एकदम घोडा घामेजलेला दिसतो. कुणाच्या तरी बुटाच्या टाचेचं चामडं फाटलेलं दिसतं. तेवढंच खरं. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही."

मी म्हटलं, "ते फाटकं बूट माझं."

आणि आवाज. आमचे सिनेमे मुके काढायचे. बोलणं नंतर खोलीत बसून भरायचे, एक जाडा माणूस आठ जणांचे आवाज काढायचा. काम चालू असताना मोठ्या नटांना कुणीतरी खालून वाक्य सांगायचं, ते तोंड हलवायचे. आमच्यासारख्यांना वाक्यच नसायचं. आम्हाला सांगायचे, आकडे म्हणा. एकपासून सुरू करा. राग असला तर रागाने म्हणा. नंतर काय घालायचं ते घालू. म्हणून आम्ही दात ओठ खाऊन एक-दोन-तीन-चार करत घोडे फेकायचो, आणि पडद्यावर ऐकू यायचं, "शेरीफ, आज तुझा शेवटचा दिवस!"

एकाच गोष्टीवर फेहमीसाहेब खरोखर चिडायचा. गोळी लागून पडलेला माणूस सवयीने आकडे चालू ठेवायचा. तो कर्णा तोंडाला लावून ओरडायचा, "मेलेल्यांनी ओठ हलवू नयेत! मेलेल्यांनो, तोंड मिटा!"

मुअल्लाला या सिनेमांचं वेड होतं ते याचसाठी. साऱ्या थिएटरात तिला एकटीला खरा सिनेमा कळायचा. नायिका रडतेय, सगळ्या बाया रडतायत, आणि ही मध्येच फिसकन हसायची. बाहेर आल्यावर सांगायची, "ती म्हणत होती, तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतो, लांब हो."

त्या गुरुवारीही तशीच बसली. गुडघ्यावर शाल, हातात चहा. टीव्हीचा आवाज तिच्या उपयोगाचा नाही, मी माझ्यापुरता ठेवला.

"हा तू," ती म्हणाली. "बावीस, तेवीस. मेलास."

"हं."

"हा परत तू. मिशी लावून. सात, आठ, नऊ. परत मेलास. किती लवकर मरतोस रे."

तुनजाय खुशीत वहीत लिहीत होता. मी हसलो असेन. चित्र जुनं, मधूनमधून पांढऱ्या रेघा. खोलीत ऊन होतं. सगळं रोजच्यासारखं होतं.

३

सैफी सिनेमा संपता संपता येतो. टेकडीवरून घोडा खाली सोडतो, वाळू उडते, घोडा कोलमडतो, दोघे गडगडत येतात. मग चेहरा. पडदाभर सैफीचा चेहरा, डोळे मिटलेले, गालाला वाळू चिकटलेली. वरून त्या जाड्याचा आवाज, "सोनं... विहिरीत... आहे..." आणि संपलं. अकरा सेकंद. मी नंतर मोजले.

त्या चेहऱ्याचे ओठ हलत होते.

मुअल्ला पुढे वाकली. चेहरा गेला तशी मागे टेकली, डोळे पुसले, आणि हसली.

"आकडे म्हणतोय वेडा. एक्केचाळीस, बेचाळीस. मेल्यावरसुद्धा."

"तेच तर म्हणतो ताई," तुनजाय म्हणाला, "काय जीव ओतून पडलाय."

मी चहा संपवला. तुनजायला दारापर्यंत सोडलं, जिन्यातला दिवा लावून दिला. परत येऊन बसलो आणि बसूनच राहिलो.

कारण तो चेहरा काढला तेव्हा मी तिथे होतो. लाकडी फळीवर चंदेरी कागद चिकटवलेला, तो धरून मी सैफीच्या तोंडावर उन्हाची तिरीप पाडत होतो. माझा हात कापत होता. सिनेमातही ते दिसतं. त्याच्या गालावरचा उजेड थरथरतो. नीट बघा, दिसेल.

आणि सैफी मेलेला होता. खरा. त्याच्या आधी पाव तास मीच त्याचे डोळे मिटले होते.

४

आता हे सांगतो, आणि सरळ सांगतो, कारण वळसे घालायचं वय राहिलं नाही.

किल्योसच्या वाळूच्या टेकड्या, जुलै महिना. घोडा पाडायचा तर वाळूत तार पुरायची. घोडा आला की दोघांनी दोन बाजूंनी ताणायची. तारेपुढे खड्डा, त्यात भुसा, वरून वाळू. स्वार वर टेकडीवर उभा. तार कुठे आहे ते त्याला तिथून दिसत नाही, म्हणून तो घोड्याच्या उड्या मोजत येतो. आमचं ठरलं होतं, पन्नास. अठ्ठेचाळीसला सैफी रिकिबीतून पाय काढणार, पन्नासला मी आणि टांगेवाला तार ताणणार. सैफी मोठ्याने मोजायचा. तसेही आम्ही आकडेच म्हणायचो.

सैफी वर गेला. मग फेहमीसाहेबाला वाटलं, ऊन टेकडीआड जातंय, सावली पडेल. म्हणाला, कॅमेरा पुढे घ्या. तार पुढे घ्या. आम्ही तार पुढे घेतली, टेकडीच्या बाजूला दहा उड्या. भुसाही नेला. भुशात मी कसूर केली नाही.

कुणीतरी वर जाऊन सैफीला सांगायला हवं होतं. तार माझी, म्हणून सांगायचं काम माझं. दोनशे पावलं चढण, तापलेली वाळू, फाटकी बुटं. मी खालून टोपी हलवली. बोटांनी चार दाखवले, मग मूठ. चाळीस. त्याने टोपी हलवली. मी मनाशी म्हटलं, समजला.

तो समजला नव्हता. ते मला तेव्हाच माहीत होतं. एवढ्या लांबून बोटं दिसत नाहीत.

चाळिसाव्या उडीला आम्ही तार ताणली. त्याचे पाय रिकिबीत होते. घोडा त्याच्या अंगावरून गेला.

फेहमीसाहेबाने टोपी काढली. मग म्हणाला, "चेहरा राहिला. एकदा घेऊ, मग झाका. निदान सिनेमात तरी राहील बिचारा." कुणी नाही म्हटलं नाही. मीही फळी उचलली.

आम्ही सगळ्यांना सांगितलं, घोडा ठेचकाळला. मुअल्ला मला विचारायची, शेवटी काय बोलला? तू जवळ होतास ना? तो काहीच बोलला नव्हता. मी म्हटलं, तुझं नाव घेतलं. दीड वर्षाने आमचं लग्न झालं. तिला दुसरं कुणी नव्हतं. लोक माझ्याबद्दल म्हणाले, काझिमने मित्राचा शब्द पाळला. मी लोकांना म्हणू दिलं.

५

शुक्रवारी दुपारी चहा घेऊन ती टीव्हीपुढे बसली. सबंध सिनेमा नको म्हणाली, शेवटचाच लाव.

घोडा, वाळू, चेहरा.

"त्रेचाळीस, चव्वेचाळीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "काल बेचाळीसपर्यंतच होता."

"काल नीट वाचलं नसशील."

"मी?"

तो प्रश्न खरा होता. इतक्या वर्षांत तिने ओठ चुकीचे वाचलेले मला माहीत नाही.

"कॅसेट जुनी आहे," मी म्हटलं. "मागेपुढे होते."

मी खुळा नाही. रात्री झोपताना सगळा हिशोब मांडला. कॅसेट ताणली जाते, चित्र हलतं, ओठ हलल्यासारखे वाटतात; हे एक. दुसरं, चेहरा आधी घेतला असेल, सैफी जिवंत असताना, आणि माझीच आठवण म्हातारी झाली असेल. हे मला पटायलाच आलं होतं. मग तो थरथरणारा उजेड आठवला. जिवंत सैफीवर उजेड पाडताना माझा हात कशाला कापेल?

शनिवारी पंचेचाळीस, शेहेचाळीस. मुअल्लाला आता गंमत वाटत नव्हती आणि भीतीही वाटत नव्हती. ती फक्त लक्ष देऊन बघत होती, ओव्हनमधली भाकरी फुगताना बघावी तशी.

बघून झाल्यावर ती भाजी आणायला खाली गेली. मी न्हाणीघरात आरशापुढे उभा राहिलो आणि ते आकडे म्हणून बघितले. हळू, मग भराभर. मग टीव्हीपुढे जाऊन तो तुकडा लावला. ओठ तेच होते. पंचेचाळीस, शेहेचाळीस. पुन्हा लावला. तेच. एका दिवसात पुढे जात नव्हता. रोज दोन. माझ्यासाठी जास्तीचं काही नव्हतं.

मी तुनजायला पोस्टात फोन केला.

"तुझ्या जर्मनीतल्या माणसाकडे याची दुसरी प्रत आहे?"

"आहे की. मी घरी उतरवून घेतलीये. का उस्ताद?"

"शेवटी सैफीचा चेहरा येतो, त्यात ओठ कसे आहेत?"

"कसे म्हणजे?"

"हलतात का?"

तो हसला. मग माझं हसू ऐकू येईना म्हणून थांबला. "नाही हो. तीच तर खुबी आहे. ओठ मिटलेले आणि वरून आवाज घातलाय. मी यादीत लिहिलंय तसं. घाईत केलेलं काम, पण अंगावर काटा येतो."

"गुरुवारी तू इथे होतास. मुअल्ला म्हणाली आकडे म्हणतोय."

"मला वाटलं ताई गंमत करतायत," तो म्हणाला. "उस्ताद, तब्येत बरी आहे ना? साखर तपासलीत?"

मी फोन ठेवला. गाढव.

६

रविवारी सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीसला त्याने पाय काढायचे होते. मी नको नको म्हणत असतानाही पडद्याकडे बघितलं. चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही त्या तुकड्यात, पाय कुठले दिसणार? पण अठ्ठेचाळीस म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. ओझं टाकल्यावर माणसाचा होतो तसा.

"पन्नासपर्यंतच आहे बहुतेक," मुअल्ला म्हणाली.

"कशावरून?"

"दोनदोनने चाललाय. पन्नासला थांबतो माणूस. आणि मग बोलतो." तिने शाल झाडली. "मला दुसरं काही नको. त्याने माझं नाव कसं घेतलं तेवढं बघायचंय. छत्तीस वर्षं तुझ्या तोंडून ऐकतेय."

ती भांडी घासायला आत गेली. मी कॅसेट बाहेर काढली. झाकण उचललं की आतली काळी पट्टी दिसते, बोटाने ओढली की येते. सिगारेट पेटवायला लागतो तेवढा वेळ. पण जगात सैफी हलताना दिसतो तो एवढ्या बोटभर पट्टीवर. तो घोडा सोडतो तेव्हाचं त्याचं हसू मी विसरलो होतो. तुनजायकडची प्रत असेल, पण त्यातला सैफी नुसता मेलेला आहे. मी कॅसेट परत आत सरकवली.

मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मुअल्लाची पाठ माझ्याकडे होती, नळ चालू होता.

"तार मी पुढे घेतली," मी म्हटलं. "त्याला सांगायला वर गेलो नाही. वाळू गरम होती."

ती ताटल्या विसळत राहिली.

हे मी पहिल्यांदा केलं असं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून करत आलोय. तिची पाठ असली की सांगायचं, सगळं सांगायचं, नाव गाव वार तारीख. सांगितल्यावर दोन दिवस हलकं वाटायचं. कुणाला हसायचं असेल तर हसा.

त्या दिवशी हलकं वाटलं नाही. मला एकच कळत होतं. पन्नास झाल्यावर तो बोलणार, आणि तो जे बोलेल ते हिला शब्दन् शब्द कळणार. त्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं. नाहीतर या घरात माझं काही राहणार नव्हतं, चहाचा ग्लाससुद्धा.

७

सोमवारी मी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला.

"कुठे जनाज्याला निघालास?" मुअल्ला म्हणाली.

"कुठे नाही. बस."

जेवण झालं होतं. खाली खाटीक फरशीवर पाणी मारत होता. मी कॅसेट लावली, टेकडी आली, सैफी घोडा सोडणार इतक्यात मी बटण दाबून चित्र थांबवलं. आवाज तर पहिल्या दिवसानंतर मी बंदच ठेवला होता. मग टीव्हीच्या पुढ्यात येऊन उभा राहिलो, तिच्यासमोर, उजेडात, तिला तोंड नीट दिसेल असा.

"बाजूला हो ना."

"आधी माझ्याकडे बघ."

तिने बघितलं. इतकी वर्षं ती माझे ओठच बघत आलीये. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा जाणवलं.

मी सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. तार. दहा उड्या. टोपी. चाळीस. रिकिबीतले पाय. मी वर चढलो नाही. त्याने तुझं नाव घेतलं नाही, त्याने काहीच म्हटलं नाही, ते मी माझ्या मनचं सांगितलं. मग फळी. तो चेहरा मेलेल्या माणसाचा आहे, मुअल्ला, मी डोळे मिटले होते त्याचे. मध्ये घसा बसला, पण तिला घशाशी काय करायचंय. ओठ हलवत राहिलो.

तिच्या तोंडावर काही हललं नाही. हातातला ग्लास तिने खाली ठेवला, तो बशीत बसला नाही, बशीच्या काठावर कलला. तो तिने सरळ केला. मग तिची नजर माझ्या तोंडावरून सरकली आणि माझ्या खांद्यावरून मागे गेली.

ते मशीन जुनं आहे. चित्र थांबवलं तर पाच मिनिटांनी आपोआप चालू होतं, पट्टी खराब होऊ नये म्हणून. तुनजायने सांगितलं होतं. मी विसरलो होतो. मागून फिरकीचा बारीक आवाज येत होता आणि भिंतीवरचा उजेड बदलत होता. म्हणजे घोडा सुटला होता. म्हणजे पडला होता.

मी अकरा मोजले. मग अजून अकरा. उजेड बदलेना. तो भिंतीवर एका जागी थरथरत राहिला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

ती बघत राहिली.

"पन्नास म्हणाला?"

"केव्हाच म्हणाला," मुअल्ला म्हणाली. तिचा आवाज तसाच, सपाट. "आता काही बोलत नाहीये."

मी मान वळवली, पूर्ण नाही, अर्धीच. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढं दिसलं. पडदाभर चेहरा होता, गालाला वाळू होती, ओठ मिटलेले होते. डोळे उघडे होते. आणि कपाळाला आठी होती. लांबचं काहीतरी दिसावं म्हणून माणूस उन्हात डोळे बारीक करतो, तशी.

मी पुन्हा भिंतीकडे बघितलं. खाली खाटकाने बादली आपटली.

"मुअल्ला," मी म्हटलं, "तुला कळलं ना मी काय सांगितलं ते?"

"मला कळलं."

ती उठली. मला वाटलं आता जाईल, किंवा थोबाडीत मारेल. तिने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. तिची बोटं गार होती. न्हावी गिऱ्हाइकाला खुर्चीत वळवतो तसं तिने मला हळूच टीव्हीकडे वळवायला सुरुवात केली.

"त्याला नाही कळलं," ती म्हणाली. "तुझी पाठ होती त्याच्याकडे. परत सांग."